विसावं नख

पार्वतम्माला किळस फार. गव्हात उंदराची एक लेंडी दिसली तरी ती अख्खा डबा परत पाठवायची. ज्वारीवर गहू दळायचा तर मधे मूठभर धान्य टाकून जातं साफ करायची आणि ते पीठ गुरांना घालायची. नळदुर्गाच्या अलीकडं तिचं गाव. तिच्या पिठाच्या गिरणीशिवाय गावात आणखीही गिरण्या होत्या, पण बाया डबे घेऊन तिच्याच दारात यायच्या. पार्वतम्माच्या हातचं पीठ डोळे झाकून मळावं, असं त्या म्हणायच्या. नवरा गेल्यावर हे नाव तिनं एकटीनं कमावलं होतं. सकाळी आंघोळ झाली की गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन ती पूजा करायची. दिवसभर मग त्याच तळहातावर पीठ घेऊन बोटानं चोळून पाहायची, जाड पडतंय की बारीक.

बादशा हा कुत्रा नवऱ्याचा. गुंडप्पानं पिल्लू आणलं तेच नखं मोजून. साध्या कुत्र्याला अठरा नखं, याला वीस. मागच्या दोन्ही पायांना आतल्या अंगाला एकेक जादा नख, जमिनीला न टेकणारं, नुसतं लोंबणारं. विसनखी कुत्रं लांडग्यालाही भीत नाही, असं सगळा मुलूख मानतो. गुंडप्पा आल्यागेल्याला त्याचा पाय उचलून ते नख दाखवायचा आणि मिशी पिळायचा. नखाला कुणी हात लावायचा नाही, ती कुत्र्याची मर्दानगी. पार्वतम्माला मात्र बादशाची लाळ, गोचिड्या, ओल्या केसांचा वास, सगळ्याची शिसारी यायची. नवऱ्यामागं ती त्याला भाकरी घालत राहिली, पण वरून टाकायची. इतक्या वर्षांत तिनं त्याला एकदाही हात लावला नव्हता.

दिवाळीनंतर एका सकाळी बादशा जागचा उठेना. आदल्या संध्याकाळपर्यंत वासरांमागं हिंडलेला कुत्रा मागचा उजवा पाय पोटाशी धरून गिरणीच्या दारात पडला होता. जवळ गेलं की दात दाखवायचा. विरेशनं, तिच्या पोरानं, काठीनं ढोसून पाहिलं तर असा केकाटला की दळण घेऊन आलेल्या बाया मागं सरल्या.

"म्हातारा झाला, अव्वा. कंबर गेली त्याची," विरेश म्हणाला. "टेम्पो ढोकीला जाणार हाय. कारखान्यावर सोडतो. मळीच्या वासावर लई कुत्री जगत्यात तिथं."

तिथली कुत्री लंगड्या म्हाताऱ्याचं काय करतील, हे दोघांनाही ठाऊक होतं. हे जनावर दारातून जावं असं तिला कितीदा वाटलं असेल. आता पोरगं 'सोडतो' म्हणालं, तर तिला ते ऐकवेना. जनावरांच्या दवाखान्यात नेऊ म्हणाली, तर कुत्र्यासाठी डिझेल कोण जाळतंय म्हणून तो हसला. टेम्पो निघेस्तोवर तरी राहू दे, एवढंच तिनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

मग उत्तरेश्वर आला, कुणी न बोलावता. लंगडा बैल, वातानं धरलेली म्हैस, पोट फुगलेलं वासरू, गावातल्या सगळ्या जनावरांना त्याच्याकडं औषध एकच: तापवलेला विळा. खुब्यात वारं भरलंय वैनी, डाग दिला की पळतंय बघा, म्हणाला. फडक्यानं बादशाचं तोंड बांधलं. विरेशनं आणि आणखी दोघांनी धरला. आधी केस जळल्याचा वास आला, मग मांसाचा. तो वास पिठात शिरलाय असं वाटून ती दुपारपर्यंत डब्याडब्यात नाक घालत होती. धरणारे हसत होते. पहिल्यांदाच तिला कुत्र्याची किळस आली नाही. त्या हसण्याची आली. आणि आपण दारात उभं राहून नुसतं 'जपून' म्हणालो, त्याचीही आली.

डागावर माशा बसल्या. पाय तसाच. पण बादशा डाग चाटत नव्हता. त्याची जीभ पुन्हा पुन्हा खाली, पायाच्या आतल्या अंगाला जात होती. पार्वतम्मानं हे दोनदा पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं. उद्या टेम्पो निघणार होता.

दुपारी लाईट गेली. गिरणी गप्प झाली, दारात कुणी नव्हतं. तिनं लिंग चोळीत आत सारलं, पदर नाकाला बांधला, तेच फडकं घेऊन बादशाचं तोंड आवळलं आणि खाली बसली. चिकटलेले केस बाजूला केले. गुंडप्पा ज्याच्यावर मिशी पिळायचा ते नख वाढत वाढत बांगडीसारखं वळून परत पायातच घुसलं होतं. भोवती मांस काळंनिळं, मऊ. बोट टेकताच पू आला. ती उठली, भिंतीकडं जाऊन ओकली, चूळ भरली आणि गुंडप्पाचा अडकित्ता घेऊन परत आली.

"सुम्नीरु," ती कन्नडात म्हणाली. गप राहा. अंगावरच्या पोरालाही ती असंच म्हणायची.

नख कटकन तुटलं. आत रुतलेलं टोक ओढून काढावं लागलं, त्याच्यामागून घाण आली, कोमट, तिच्या डाव्या तळहातावर. मिठाच्या पाण्यानं जखम धुतली, हळद भरली. दुसऱ्या पायाचं नखही छाटून टाकलं. मग साबणानं हात धुतले, राखेनं धुतले. तरी वास जाईना.

सकाळी बादशानं पाय टेकला. उत्तरेश्वरच्या विळ्याला गुण आला, असं गावभर झालं. विरेशनंही तेच मानलं आणि टेम्पो रिकामाच गेला. पार्वतम्मा बोलली नाही. बोलली असती तर त्या हातचं पीठ कुणी घेतलं असतं? बाया डागाचं कौतुक करायच्या, ती हूं म्हणायची, आणि तळहातावर पीठ चोळताना स्वतःचीच घाण वाटायची.

बाजाराच्या दिवशी दारात डब्यांची रांग होती. उत्तरेश्वर विळा घेऊन आला, मागं शेतकरी सोमलिंग. सोमलिंगची म्हातारी कुत्री कालपासून लंगडत होती. "तुमच्या बादशाचं बघून बोलावलंय, वैनी. तोंड बांधायला तेवढं फडकं द्या," उत्तरेश्वर म्हणाला.

फडकं खुंटीला होतं, धुतलेलं. पार्वतम्मानं त्याच्याकडं पाहिलं आणि गिरणी बंद केली. पट्टा फडफडून थांबला.

"फडकं न्हाय मिळायचं, भावजी. डागानं काय झालेलं न्हाय. नख पायात रुतलं हुतं. म्या काढलं."

"तुमी?" उत्तरेश्वर रांगेकडं बघून हसला. "कुत्र्याच्या पुवात हात घातला तुमी?"

"व्हय. ह्यो हात." तिनं डावा तळहात पुढं केला. त्याला पीठ लागलं होतं. "सोमलिंग, आधी तिचा पाय बघ. मग भाजा काय भाजायचं ते."

सोमलिंग विळ्याकडं बघत राहिला. मग पाय बघतो म्हणाला आणि एकटाच वळला. उत्तरेश्वर त्याच्यामागं काहीबाही बोलत गेला.

रांगेत पहिली शिवकन्या होती. तिनं त्या हाताकडं पाहिलं, मग आपल्या डब्याकडं. वाकून डबा उचलला, पोराला ताप आहे की काहीतरी पुटपुटली आणि खालच्या गिरणीच्या वाटेला लागली. तिच्यामागं आणखी एक गेली. बाकीच्या उभ्या राहिल्या, पण तिच्या हाताकडं बघत. डबा होता तिथं जमिनीवरच्या पिठात गोल खूण उमटून राहिली होती.

पार्वतम्मानं गिरणी चालू केली. उरलेलं दळण संपलं तेव्हा ऊन कलतं झालं होतं. बादशा लंगडत उठून दारात आला. तिनं त्याला भाकरी घातली. वरूनच टाकली.