आधी बाई, मग आम्ही

शैला गेल्याची बातमी मला कुणा माणसाच्या तोंडून कळली नाही. फोनवर एक चित्र आलं. कडेने गुलाबाची फुलं, खाली थरथरणारी मेणबत्ती आणि मधोमध शैलाचा कुठल्याशा बक्षीस समारंभातला फोटो. त्याच्या बरोबर वर सकाळी कोणीतरी टाकलेलं ‘शुभ सकाळ’ तसंच होतं, वाफाळत्या चहाच्या कपासकट. तिला अजून इस्पितळातून घरी आणायचं होतं आणि आमच्या जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती. त्यात एकीने लिहिलं, ‘मुलींसाठी जीव दिला, धन्य ती माऊली.’ मी फोन पालथा ठेवला. रडू नंतर फुटलं, आधी शिसारी आली, आणि खरं सांगायचं तर इतके आठवडे झाले तरी ती गेलेली नाही. शैलाने जीव दिला नाही. तिच्यासाठी नसलेली एक गोळी तिने रोज घेतली, इतकंच... आणि हे कोणालाच ऐकायचं नाही.

शैला आणि मी करी रोडच्या एकाच चाळीत वाढलो. तिच्या घरी बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, आमच्याकडे गणपतीला सगळं घर मालवणला पळणारं. दोघींचे बाप मात्र एकाच गिरणीत, एकाच पाळीला. कबड्डीत मी चढाईला जायची आणि ती पकडीला. तिने एकदा पाय धरला की सुटका नाही. आमचे तेव्हाचे प्रशिक्षक ताकद यावी म्हणून आम्हाला सकाळी दुधात कच्ची अंडी फेटून प्यायला लावत. तो वास अजून नाकात आहे. आम्ही नाक दाबून ते गिळत असू आणि स्वतः महाराज समोर बाकड्यावर बसून कांदाभजी आणि चहा घेत. एके दिवशी शैलाच्या पोटातलं सगळं थेट त्यांच्या चपलांवर आलं. ते ओरडले तर तोंड पुसत ही म्हणाली, “सर, आधी तुम्ही पिऊन दाखवा, मग मी पिते.” तिला दोन सामने बाहेर बसवलं. पण ते वाक्य तिने आयुष्यभर धरून ठेवलं, पाय धरायची तसंच.

पुढे मी नोकरी-संसारात अडकले. शैलाच्या हृदयाची झडप लहानपणीच्या तापात खराब झालेली निघाली. ऑपरेशन झालं, नवी झडप बसली आणि रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची मागे लागली. खेळणं बंद झालं म्हणून तिने लालबागच्या एका क्लबात मुलींना शिकवायला घेतलं. लग्न केलं नाही, भावाकडे राहायची. स्वतःच्या गोळीच्या बाबतीत इतकी काटेकोर की माझ्याकडे जेवायला आली तर पालेभाजी रोजच्यापेक्षा जास्त खायची नाही, त्यानेही रक्ताचं गणित बिघडतं म्हणायची. मुलींसाठी तिचा एकच कायदा होता. जे काही घाण, कडू, उग्र त्यांच्या घशाखाली उतरवायचं, ते आधी ती त्यांच्यासमोर उतरवणार. कारल्याचा रस, मिठाशिवायची नाचणीची आंबील, भिजवलेली मेथी... क्लबाच्या खोलीतल्या स्टुलावर तिचा स्टीलचा पेला पालथा असायचा. तो सुलटा झाला की मुली कोरसमध्ये ओरडायच्या, “आधी बाई!” आणि बाई तोंड वेडंवाकडं करून पेला रिकामा करायची.

आता त्या खोलीविषयी लिहायला हवं, आणि लिहिताना मला अंग खाजवावंसं वाटतंय. जिन्याखालची एक कोंदट खोली. भिंतीला ओल, एकाच दोरीवर सगळ्यांच्या जर्सी अर्धवट ओल्या. गुडघ्याला लावायच्या पट्ट्यांचा ढीग, ज्याला आंबलेल्या पिठासारखा वास. आणि कोपऱ्यात सगळ्यांचा मिळून एक टॉवेल. शैला त्या टॉवेलवरून रोज भांडायची. “गं, हा टॉवेल आहे की पायपुसणं? जिने तिने आपापला आणा!” पण आपला टॉवेल आणणारी पोरगी बाकीच्यांना शिष्ट वाटते. एकत्र खेळायचं तर एकत्रच पुसायचं, अशी ही माया. मला या मायेची किळस येते.

एका सामन्यात त्यांची कर्णधार प्रणाली ऐन चढाईत, समोरच्या सात जणी अंगावर येत असताना, मांडी खाजवायला थांबली आणि पकडली गेली. शैलाने सामन्यानंतर खोलीचं दार लावून घेतलं आणि सगळ्यांना विचारलं. एकीला कंबरेला, एकीला काखेत, बहुतेकींना जांघेत. नायटा. बुरशी. महिनोन्‌महिने. कोणी कोणाला बोललं नव्हतं, कारण प्रत्येकीच्या आईने बजावलं होतं, कुठे बोलू नको, उद्या लग्न जमवायचंय. सगळ्या आयांनी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून एकच ट्यूब आणली होती. दुकानदार न बघता द्यायचा, “ये लगाओ, सब यही ले जाते हैं.” आठवडाभर खाज थांबायची, मग दुप्पट व्हायची. शैला मला फोनवर सांगताना अक्षरशः थुंकली. “कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालीय गं पोरींची, आत लाल लाल. आणि तो माणूस अजून ट्यूब विकतोय. घाण नुसती!”

ती सगळ्यांना परळच्या एका त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी ट्यूब आधी कचऱ्यात टाकली. त्या क्रीममध्ये असं काही मिसळलेलं असतं की खाज दबते आणि बुरशी पोसली जाते, असं त्या म्हणाल्या. मग प्रत्येकीला वेगळं आत घेऊन विचारलं, दुसरी कुठली औषधं चालू आहेत, कधी कावीळ झालीय का, पाळी चुकलीय का. शेवटच्या प्रश्नावर एका आईने तिथेच भांडण काढलं. यकृतासाठी रक्ताची तपासणी करून मगच पोटात घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या. खाज थांबली म्हणून मधेच सोडायच्या नाहीत, एकमेकींत वाटायच्या नाहीत, डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर बंद करून लगेच यायचं, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक वाळवायचे. हे सगळं शैला तिथे बाकावर बसून ऐकत होती. तिच्या पर्समध्ये तिची स्वतःची गोळी होती. तिला कोणी काही विचारलं नाही. का विचारतील? ती रुग्ण नव्हती, मुलींना घेऊन आलेली बाई होती.

गोळीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्या कोणीतरी वर्तमानपत्राची ही पुरवणी नेऊन दुकानदाराला दाखवेल.

गोळ्या सुरू झाल्या आणि कुठल्याशा मुलीने फोनवर एक व्हिडिओ पाहिला, या गोळीने लिव्हर सडतं म्हणून. मुली घाबरल्या. गोळ्या खोलीमागच्या गटारात जाऊ लागल्या, शैलाला तिथे पाकिटाचे तुकडे दिसले. तपासणी झालीय, डॉक्टरांचं लक्ष आहे, हे समजावून सांगणं हा एक मार्ग होता. शैलाला दुसरा मार्ग पाठ होता. एका मुलीच्या आईने उपचारच थांबवले होते, तिच्या गोळ्या तशाच पडून होत्या. सरावानंतर शैलाने पेला सुलटा केला, त्यातली एक गोळी जिभेवर ठेवली आणि मुलींना तोंड उघडून दाखवलं. “बघा, मेली का बाई?” मुली हसल्या. आणि रोज, तिच्यामागोमाग, शहाण्यासारख्या आपापली गोळी घेऊ लागल्या. कातडीची गोळी रक्ताला काय करणार, असं तिला वाटलं असणार. आपलं रक्त इतकं जपणारी बाई, पण रुग्ण मुली होत्या, आपण नव्हे, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

तिच्या हातांवर काळेनिळे डाग उठले ते मुलींनी पाहिले. पण कबड्डीच्या मैदानावर काळंनिळं कोणाच्या नजरेत भरतं? ते तिथे दागिन्यासारखं मिरवतात. दात घासताना रक्त येतं, असं ती भावाला म्हणाली होती, ब्रश बदलते म्हणाली. मग एका सकाळी पकड दाखवता दाखवता तिने डोकं धरलं, ओकली आणि खाली बसली ती उठलीच नाही. इस्पितळात मेंदूत रक्तस्राव निघाला. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, नवीन काय सुरू केलं होतं? भाऊ तिचा नेहमीचा औषधांचा डबा दाखवत म्हणत होता, काही नाही, हेच. व्हरांड्याच्या टोकाला प्रणाली उभी होती. ती पुढे आली आणि तिने मुठीतलं चुरगळलेलं रिकामं पाकीट पुढे केलं. या गोळीमुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोर अनेक पटींनी वाढतो, हे तेव्हा कळलं; मला हे सगळं प्रणालीने नंतर सांगितलं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम घरच्यांनी साधेपणाने केला. शोकसभा क्लबाने केली, ती मात्र बघवत नव्हती. बॅनरवर इथल्या पुढाऱ्याचा चेहरा शैलाच्या दुप्पट. त्याने भाषणात ‘बलिदान’ हा शब्द इतक्या वेळा वापरला की मला त्या दुधातल्या अंड्यांचा वास आला. आणि पहिल्या रांगेत बसलेल्या त्या मुली प्रत्येक वेळी मान खाली घालत होत्या. बलिदान झालं म्हणजे ते कोणासाठी तरी झालं ना... पोरी घरी जाऊन काय समजल्या असतील? सभेनंतर प्रणाली मला म्हणाली, “मावशी, आम्ही गप गोळ्या घेतल्या असत्या ना, तर बाई असत्या.” तिने सराव सोडला. बाकीच्यांनी गोळ्या टाकून दिल्या. महिन्याभरात खाज परत आली आणि दोघी-तिघी पुन्हा त्या दुकानात ट्यूब आणायला गेल्या. हे कळलं तेव्हा मला स्वतःला आवरता आलं नाही. तिच्या मरणाचा एवढाच उपयोग?

मग मीच त्यांना आणि त्यांच्या आयांना गोळा करून डॉक्टरबाईंकडे नेलं. पुन्हा तपासण्या, पुन्हा तेच प्रश्न. सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही काही औषधं घेता?” मी म्हटलं, “ब्लड प्रेशरची. पण मी पेशंट नाही.” त्यांनी तेही कागदावर लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “आता मी बरोबर आलेल्यांनाही विचारते.”

पहिल्या दिवशीची गोळी क्लबाच्या खोलीत घ्यायची ठरली, एकटीने घरी घ्यायला त्यांना भीती वाटत होती. खोली धुतली होती, प्रत्येकीचा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर होता. प्रणाली आली होती. तिने न सांगता स्टुलावरचा पेला सुलटा केला, पाणी भरलं, आपली एक गोळी तळहातावर ठेवली आणि दोन्ही हात माझ्यापुढे केले. “मावशी, आधी तुम्ही.” सगळ्या जणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“नाही,” मी म्हटलं. “मला झालेलं नाही. जिला झालंय, जिला डॉक्टरांनी दिलीय, तिनेच घ्यायची. मी नाही घेणार.”

मुली माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत माझ्याविषयी जी किळस होती ती मला नीट ओळखू आली; कांदाभजी खाणाऱ्या आमच्या सरांकडे आम्ही तसंच बघायचो. मला खूप वाटलं, हात पुढे करावा. शैला असती तर तिने एव्हाना गोळी तोंडात टाकून जीभसुद्धा दाखवली असती. मी दोन्ही हात मागे धरून उभी राहिले... शेवटी प्रणालीने मान वळवली आणि गोळी गिळली. मग एकेकीने घेतली. कोणी हसलं नाही. प्रणालीने शैलाचा पेला विसळला, पुसला आणि स्टुलावर पालथा घातला.