दुसरी सीट

पोशेऱ्याची पोर गाडीत आडवी. बाळ पोटात आडवं. मी स्टेअरिंगवर, आणि गाडी उभी. कारण दुसरा पेशंट मिळत नव्हता.

मोखाड्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर होतो. आता रिटायर आहे. आमच्याकडे झेपत नाही तो पेशंट जव्हारला पाठवायचा, त्याला रेफर म्हणतात. रेफर फार होतात, डिझेल फार जळतं, हे वरच्या ऑफिसच्या ध्यानात आलं. मग कागद आला, दोन पेशंट जमल्याशिवाय गाडी हलवू नये. याला क्लबिंग म्हणतात, असं साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं. ते स्वतः एकटेच गाडीतून आले होते.

मला क्लबिंग शिकवायची गरज नव्हती. नोकरीआधी मी दाभोशाच्या लाईनला जीप चालवायचो. सीट भरल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. सरकारने वर्दी देऊन परत तेच काम दिलं. फक्त टपावर कोंबड्या नव्हत्या.

'तातडीचे' असं लिहून डॉक्टर मॅडम एकटा पेशंट पाठवू शकत होत्या. पण त्या कंत्राटी. तसं लिहिलं की पुढच्या मीटिंगला उभं राहून खुलासा द्यायचा.

"मामा, अजून कोणी मिळतंय का बघा ना," त्या म्हणाल्या.

बाकावर एक खरजेचा म्हातारा होता. त्याला विचारलं. खाजवायला जव्हारला कशाला जाऊ, म्हणाला.

माझी बायको सखू मागे क्वार्टरच्या ओट्यावर तांदूळ पाखडत होती. सूप ठेवून आली. "मला लिवा. बीपी हायेच माझा."

मॅडमनी तिचा केसपेपर काढला. सखू पोरीचा हात धरून मागे बसली. जव्हारला ऑपरेशन झालं, पोरगी झाली. आमची पेशंट बाजारातून सुकट घेऊन परत आली.

मग सवयच पडली. गाडी अडली की सखू. कधी बीपी, कधी चक्कर, कधी गुडघा. क्लबिंग छान चाललं म्हणून साहेबांचा सत्कार झाला, शाल मिळाली. खरं तर शाल सखूची.

मॅडम बदलून गेल्या. नवीन डॉक्टर आले. एका दुपारी सखूच्या छातीत कळ आली, अंगाला दरदरून घाम. डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं, मागची पानं चाळली. "या बाईंना तर दर महिन्याला काहीतरी होतं, मामा. दुसरा पेशंट येऊ द्या, मग न्या."

मी सगळं सांगायला पाहिजे होतं. सांगितलं असतं तर मॅडमचं खोटं उघडं पडलं असतं, माझंही. मी दुसरा पेशंट येतो का म्हणून फाटकाकडे बघत उभा राहिलो. जीपवाल्याची सवय.

सखूला गाडीत निजवलं होतं, ती आतून म्हणाली, "आता कोनाला बसवाल?"

तेव्हा मी किल्ली फिरवली. जव्हार यायच्या आधीच ती गेली.

तेराव्यानंतर कामावर गेलो तर मेमो ठेवलेला. एकच रुग्ण का नेला, खुलासा करा. मी सातवी नापास. माझ्याच हाताने लिहिलं, 'दुसरी बसायची ती हीच होती, साहेब.'

खुलासा समाधानकारक नाही, असा शिक्का मारून कागद परत आला.

नवीन ड्रायव्हर भेटला की मी एवढंच सांगतो. साहेबाचा कागद भरायला घरचं माणूस लिहू नकोस. पुढे कोणी माणसाकडे बघत नाही, कागदच बघतात.