विहीणबाईंचा शेवटचा पेपर

माणसाला वैरी तगडा मिळाला तरी चालेल, पण अभ्यास करणारी विहीण मिळू नये, असं माझं अनुभवांती झालेलं मत आहे. वैऱ्याच्या तोंडावर निदान दार लावून घेता येतं. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. मुलगी दिलेल्या घरातल्या बाईला 'आज जमणार नाही' म्हणायची आमच्यात पद्धत नाही, आणि हे माझ्या लेकीच्या सासूबाईंनी बहुधा लग्नाच्या बोलणीतच हेरलं असावं. त्यातून मी नोकरीला बेलापूरच्या सरकारी कचेरीत. तिथे मी जाणाऱ्या टपालावर शिक्के मारतो, हे त्यांना मी अनेकदा सांगून पाहिलं. पण राज्यशास्त्र घेऊन बी.ए.ला बसलेल्या बाईंच्या लेखी मी म्हणजे चालतंबोलतं संविधान. सकाळी आठला मी तोंडाला दाढीचा फेस लावला रे लावला की फोन वाजतो. "व्याही, तुमी सरकारी हाव, तुमाला ठावं असंल. राज्यपालाला कोन काढतो?" मला माझ्या साहेबाला कोण काढतो, हेसुद्धा नीट ठाऊक नाही.

त्यांचं घर उलव्याच्या गावठाणात. भाताची शेती जाऊन तिथे इमारती आल्या, घर तिमजली झालं, पण घराचा कारभार अजून एकाच बाईच्या पदराला बांधलेला. बारावी झाल्याबरोबर लग्न, मग दोन मुलं, सासू-सासरे, दीर, जावा, आला-गेला. थोरला मुलगा, म्हणजे माझा जावई, बोहल्यावर चढला आणि मांडवाचे बांबू निघायच्या आत बाईंनी रविवारच्या वर्गांचा फॉर्म भरला. "पोराचं उरकलं, आता माझं," एवढंच त्यांनी घरी कळवलं. अभ्यासाला वेगळी जागा मागणं त्यांना कमीपणाचं वाटलं. त्यांनी स्वयंपाकघरच पुस्तकासारखं वाटून घेतलं: फ्रिजच्या दारावर मूलभूत हक्क, पिठाच्या डब्यावर मूलभूत कर्तव्यं, सिलेंडरच्या मागे पंचायत राज. हक्कांपाशी घरातली नऊ माणसं दिवसातून दहादा जात, कर्तव्यांपाशी मात्र त्या एकट्याच. माझ्या लेकीनं एकदा चुकून पिठाचा डबा बदलला, तर दोन दिवस त्यांना एकही कर्तव्य आठवेना.

घर त्यांनी कुणावर सोपवलं असेल तर शपथ. रविवारी वर्गात बसल्या तरी पिशवीतला फोन दर दहा मिनिटांनी थरथरायचा. एकदा केंद्र-राज्य संबंध चालू असताना घरी जिताडा आला. जिताडा म्हणजे खाडीतला राजा मासा, तो असातसा शिजवला तर आगरी घरात बोलणी खावी लागतात. बाई बाकाखाली वाकून हळूच बोलायला गेल्या, पण त्यांचं हळू म्हणजे आपलं खणखणीत. "चिंच आधी घाल गो, मीठ मागारशी. आन ढवलू नको, तुटंल." प्राध्यापक थांबले. वर्गानं इमानेइतबारे हेही वहीत उतरवून घेतलं. पुढच्या रविवारी प्राध्यापकांनी विचारलं म्हणे, "ते चिंचेचं प्रमाण किती?"

पण खरा छळ वेगळाच. विहीणबाई आहेत धवलारीण. त्यांच्याकडे लग्नात भटजी एकीकडे मंत्र म्हणोत, प्रत्येक विधीला धवले, म्हणजे त्या विधीची पारंपरिक गाणी, गायला धवलारीण लागतेच. ती गायला बसल्याशिवाय हळदीचं बोट कुणी नवरीला लावत नाही. त्यांच्या सासूनं ही विद्या त्यांना दिली. शेकडो कडवी, एकही कागदावर नाही, सगळी गळ्यात. साहजिकच, बाईंना डोळ्यांनी वाचलेलं काही लक्षात राहीना. मग त्यांनी अख्खं राज्यशास्त्र धवल्यांच्या चालीवर बसवलं. भाजी चिरताना संसद बसे, भाकरी भाजताना बरखास्त होई. धाकटी लेक बारावीत, ती कानात बोटं घालून म्हणायची, "आये, माझ्या केमिस्ट्रीत तुझे राज्यपाल शिरतान गो." मला वाटायचं, चला, पाठ होतंय ना. एकदा त्यांच्या ओट्यावर बसून मी सहज विचारलं, "विहीणबाई, राज्यपालांचे अधिकार सांगा." त्यांनी डोळे मिटले, पदर सावरला आणि गणपतीपासून सुरुवात केली. मग गावदेवी, मग संविधान सभा, मग राष्ट्रपती. माझा चहा निवला, त्यावर साय धरली. "अहो, राज्यपाल," मी म्हणालो. "येतान ना," त्या न थांबता म्हणाल्या, "राष्ट्रपती नेमल्याबिगर ते येतील कनचे?" धवला मधूनच उचलता येत नाही, एक कडवं पुढच्या कडव्याचा हात धरून येतं.

परीक्षेतही हेच झालं. बाकीचे विषय सुटले, हा एक पेपर दोनदा राहिला, कारण दोन्ही वेळेला राज्यपाल यायच्या आत घंटा झाली. आणि यंदा नोंदणीची मुदत संपत होती. आता राहिला तर पुन्हा पहिल्या वर्षापासून सगळं. यावर तोडगा काढला तो कानात बोटं घालणाऱ्या धाकटीनंच. "आये, मांडवाचा धवला येगला, हळदीचा येगला. मंग सगलं राज्य एकाच मांडवात कशाला कोंबतंस? दर धड्याला येगला मांडव घाल." बाईंनी महिनाभर खपून नवे मांडव घातले. मी फोनवरून कुठलाही धडा विचारावा आणि तो धडा तडक उभा राहावा, इथपर्यंत मजल आली. माझा मात्र फेस रोज वाळत होता, तो वाळतच होता.

आणि मग दिराच्या मुलीची हळद आली, नेमकी पेपरच्या दिवशी. पेपर अकरा ते दोन, हळद बाराची. धवलारीण घरचीच, तेव्हा दुसरी कुणी सांगून ठेवलेली नाही. दीर म्हणाले, "वयनी, पेपर काय, परत येल. पोरीची हळद परत येल काय?" कुणी सुचवलं, मोबाईलवर आवाज भरून ठेवा. त्यावर बाईंनी भाकरी अशी थापली की परात वाजली. आदल्या दिवशी सकाळी फोन आला. "व्याही, मी नाय जात. आता तुमी निवांत दाढी करा."

वास्तविक मी पेढे वाटायला हवे होते. माझ्या तोंडून आलं ते भलतंच. "विहीणबाई, पाच वर्षं माझ्या तोंडावर फेस वाळलाय. उद्या साडेनऊला स्कूटर तुमच्या दारात उभी असेल. तुम्ही बसेपर्यंत मी हॉर्न वाजवत राहीन, मग मांडवातली माणसं मला काय म्हणायचं ते म्हणोत." पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "येवढ्या मोठ्यानं बोलू नका," त्या म्हणाल्या, "इथं फोन सगलीच ऐकतान."

पेपर सुटला, हे मी आत्ताच सांगून टाकतो. उत्कंठा ताणणं माझ्या रक्तदाबाला मानवत नाही. त्या दिवशी तिसऱ्या हॉर्नला बाई स्कूटरवर बसल्या, आणि दोन वाजता परीक्षा केंद्राच्या फाटकातून बाहेर आल्या त्याच मुळी वर्गावर लक्ष ठेवणाऱ्या मॅडमची तक्रार करत. "मना बोलल्या, आवाज बंद करा. मी बोलली, आवाज बंद केला तं राज्यपाल पन बंद. मंग मना व्हरांड्याच्या बाकावर बसवली. तिथं गुनगुनत लिवलं सगलं. शिपाई ऐकत उभा होता." एवढं सांगता सांगता त्यांनी घरी फोन लावला. माझ्या लेकीनं उचलला, आणि तो तसाच मांडवाकडे धरला असावा, कारण फोनमधून मलाही गाणं ऐकू आलं. हळदीचा धवला, बाराला सुरू झालेला, अजून संपला नव्हता. आवाज कोवळा, पण ठाम. धाकटी गात होती.

रस्त्यावर रिक्षांचा कलकलाट चालला होता. बाई फाटकाच्या खांबाला टेकून, फोन कानाशी घट्ट धरून उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

"चुकतेय का कुठे?" मी विचारलं.

"नाय," त्या म्हणाल्या. "एक पन कडवं नाय चुकलं. तिला मी कवा शिकवलं पन नवतं." फोन बंद करून त्यांनी तो पिशवीत ठेवला, पेनाला टोपण लावलं. मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "मना वाटलेलं, थोडी तरी थांबतील."

मी स्कूटर काढली आणि जमेल तेवढी पिळली. अजून अर्ध्या तासात पोचलो तर निदान शेवटचं कडवं तरी बाईंना गाता येईल, असा माझा हिशेब. खाडीचा पूल लागला तेव्हा मागून माझ्या खांद्यावर त्यांची दोन बोटं टेकली.

"सावकाश घ्या, व्याही," त्या म्हणाल्या. "हळद लागली असंल आता."