नाक धरून जायच्या जागा

मुंबईहून कुणी पाहुणे आले की बॅग ठेवायच्या आत विचारतात, "दाजींना बोलवा, कुठे खायचं ते ठरवूया." दाजी म्हणजे माझे मोठे दीर. खरं नाव काशीराम, पण घरात आणि आळीत सगळे त्यांना दाजीच म्हणतात. रत्नागिरीत कुठे काय चांगलं मिळतं ते त्यांनाच ठाऊक, असा त्यांचा लौकिक आहे. अंगाने मात्र काठीसारखे. एवढं खातात ते जातं कुठे, अशी त्यांची थट्टा होते.

वडा खायचा तर ते मिरची कांडपाच्या गिरणीला चिकटून असलेल्या दुकानात जातात. तिथे शिंकांशिवाय एक घास गिळता येत नाही. भाकरी आणि सुकटीची चटणी राजिवड्याच्या खाडीकाठी, होड्या रंगवतात त्याच्या बाजूच्या खानावळीत. रंगाच्या वासाने डोळ्यांत पाणी येतं. चहा मात्र मिरकरवाड्याला, भागोजीच्या टपरीवरच. टपरीच्या पाठीला लागून बोंबील वाळत घातलेले असतात. बंदरावर काम करणारी माणसं सोडली तर तिथे कुणी फार वेळ टिकत नाही.

दाजींच्या बायकोला, तुळसावहिनींना, याचा राग येतो. "माझ्या भाताला काय वीख लागलंय?" असं त्या चारचौघांत विचारतात. "मी गरम गरम वाढते नि हे उठून त्या घाणीत जेवायला जातात. बायकोच्या हाताला चव नाय, बोंबलांना हाय!" दाजी हसतात. वहिनी पुन्हा भांडी आपटतात. इतकी वर्षं हेच चाललं आहे.

एकदा पाहुण्यांना दाजींच्या या तिन्ही जागा दाखवून आणल्या आणि परत येताना माझ्या लक्षात आलं की प्रत्येक ठिकाणी मी नाकाला पदर लावला होता. पाहुणे गेल्यावर भागोजीच्या बाकावर बसून मी दाजींना सरळ विचारलं. माझ्या मुलाचे, सोहमचे, बाबा मुंबईला नोकरीला, त्यामुळे घरातलं बरंवाईट मी दाजींशीच बोलते. त्यांनी ग्लास दोन्ही हातांत धरला आणि सांगितलं.

दाजी लोट्याला, तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका केमिकल कंपनीत होते. एवढं मला ठाऊक होतं. तिथे काहीतरी गळती झाली, ते आजारी पडले, नोकरी सुटली, हेही ठाऊक होतं. विनोदचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.

"नवीन पोरगा होता. माझ्या हाताखाली दिलेला. दुपारचे आम्ही डबा उघडून बसलो. गरम भात होता, तुझ्या वहिनीने दिलेला. पयला घास घेतला नि म्हणतो, दाजी, डब्यात फणस आणलाव काय? गोड वास येतोय. मी म्हटलं, थंडीच्या दिवसांत फणस कुठला रे? मला काय नाय येत. जेव गप."

मागे बायका बोंबील उलटत होत्या.

"माझी उमेदीची सगळी वर्षं कंपनीच्या वासात गेलेली गो. नाक कधी मेलं ते मलाच कळलं नाय. तो नवीन, त्याला गळतीचा वास बरोबर आला. पण माझ्यावर विसंबला नि जेवत बसला. बाहेर आरडाओरड झाली तेव्हा त्याचा घास तोंडातच होता. मी वाचलो. तो नाय."

"आणि आता?"

"नोकरी सुटली तसं नाक हळूहळू परत आलं. पण तेव्हा नाय आला, तो वास आता येतो. भात वाढला की येतो. दार लावलं की येतो. पिकून फुटलेल्या फणसाचा. डॉक्टर म्हणतो नाकात काय नाय, डोक्यात हाय. जिथे दुसरा वास त्याच्या वरचढ असतो, तिथे तो येत नाय. तिथे मी जेवतो."

तुळसावहिनींना हे सांगू नको, म्हणाले. ज्या भाताने वास येतो तो त्यांच्या हातचा आहे, हे त्यांना सोसणार नाही. त्यापेक्षा बोंबलांचे टोमणे बरे.

दिवाळीनंतर माझ्या सोहमला लोट्याला नोकरी लागली. कंपनी दुसरी, पण गाव तेच. डिप्लोमा केमिकलचा, म्हणजे तो जाणार कुठे? मी दाजींचे पाय धरायचे बाकी ठेवले. विनोदची गोष्ट त्याला सांगा म्हटलं. ते नाही म्हणाले. "पोराची पयली नोकरी. भीती घालून घरी बसवलं तर पुढे काय देणार हाय त्याच्या हातात? बघूया."

सोहम तिथेच खोली घेऊन राहतो, सुट्टीला येतो. सुरुवातीला फोनवर म्हणायचा, "आई, काय वास असतो गं इथे, डोकं चढतं." मी रोज विचारायची, आज वास होता का? तो चिडायचा. "दुसऱ्यांच्या आया जेवलास का विचारतात!" शिमग्याच्या सुमारास म्हणाला, "आता नाही येत काही. सुधारलंय बहुतेक." मला इतकं हलकं वाटलं की मी दुसऱ्याच दिवशी बंदरावर जाऊन दाजींना सांगितलं.

दाजींनी ग्लास खाली ठेवला. "येत नाय म्हणाला?"

मग म्हणाले, "रविवारी इथे घेऊन ये त्याला."

आज रविवार होता. सोहम लहानपणापासून या टपरीवर रुमाल बांधून यायचा. दाजीकाकांचा चहा म्हणजे शिक्षा आहे म्हणायचा. आज तो आला आणि वाळणाऱ्या बोंबलांना पाठ टेकेल अशा बाकावर बसला. मोबाइल काढला. चहाचा घोट घेतला.

भागोजी म्हणाला, "काय सायेब, आज रुमाल नाय?"

"कशाला?"

"बोंबील कानाला लागतायत तुमच्या!"

सोहमने वळून पाहिलं. "सुकले वाटतं सगळे. वास नाही यांना."

भागोजी खदखदून हसला. माझ्या नाकाशी पदर होता, तो मी तसाच धरून राहिले. दाजी सोहमकडे बघत होते. त्यांनी ग्लास तोंडाशी नेला, थांबले, आणि सगळा चहा धक्क्यावरून पाण्यात ओतला.

"चहात काय पडलं काय हो?" भागोजीने विचारलं.

"नाय रे." मग माझ्याकडे न बघता हळू म्हणाले, "इथेपण आला गो आज."

ते सोहमच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांनी त्याला विनोदची गोष्ट सांगितली. मला सांगितली होती त्याच शब्दांत. फणसाचा भाग आला तेव्हा मला वाटलं सोहम हसेल. तो हसला नाही. "काका, मला जरा सर्दी आहे," एवढंच म्हणाला. त्याला सर्दी नव्हती.

घरी येताना तो गिरणीपाशी रेंगाळला. मी पुढे जाऊन शिंकत उभी होते, तो आत तोंड घालून बघत होता. घरी आल्यावर स्वयंपाकघरात गेला. मी बाहेरून बघत होते. त्याने मसाल्याची बरणी उघडली, नाकाशी धरली, खाली घेतली, पुन्हा धरली. मग हाक मारली.

"आई, हा मसाला गेल्या वर्षीचा आहे ना?"

हो म्हणणं सोपं होतं. तो बिचारा तेच मागत होता.

"नाही रे. परवाच कांडून आणलाय."

त्याने झाकण घट्ट लावलं. बरणी जागेवर ठेवली. पहाटेच्या गाडीसाठी भरलेली बॅग दाराशी होती, ती उचलून आत खाटेखाली सरकवली.

"उद्या नाकाच्या डॉक्टरकडे नंबर लाव," म्हणाला. "आणि दाजीकाकांना विचार, येतात का बरोबर."