नाल्यातून जाणारी फटफटी

१९६१ च्या उन्हाळ्यात आमच्या बटालियनला ईशान्य सरहद्दीवर जाण्याचा हुकूम आला. निघण्याआधी दोन महिन्यांची रजा मिळाली. मी कंपनीचा वायरलेस ऑपरेटर, मूर्तिजापूरचा. माझ्याबरोबर रजेवर आला तो लान्स नायक श्रावण सखाराम तायडे, कंपनीचा डिस्पॅच रायडर. वायरलेस मुका झाला की हुकमाचा कागद खिशात घालून मोटारसायकलवर निघणारा जो जवान असतो, तो डिस्पॅच रायडर. सिव्हिलमधल्या लोकांना हे सांगावं लागतं. त्यांना बंदूकवाला सोडून दुसरा शिपाई माहीत नसतो.

श्रावणचं गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्यात. गावाचं नाव मी लिहीत नाही. गावाची लाज राखायची म्हणून नव्हे. नाव लिहिलं तर बाकीची गावं म्हणतील, ते तिकडचं आहे, आमच्याकडे तसं काही नाही.

श्रावणने कामठीच्या लष्करी डिस्पोजलमधून, म्हणजे जुन्या मालाच्या लिलावातून, एक जुनी फटफटी घेतली होती. दुसऱ्या महायुद्धातली, विलायती, एका सिलिंडरची, पाचशे सी.सी. मागच्या चाकाला शॉकॲब्सॉर्बर नाही, बसायची गादी नुसती स्प्रिंगवर. वजन म्हशीएवढं. बटालियनमधल्या आमच्या गाड्या त्याच जातीच्या होत्या, त्यामुळे तिचा एकेक नटबोल्ट त्याच्या हाताखालचा होता. रजेच्या पहिल्या आठवड्यात तो ती घेऊन गावी गेला. युनिफॉर्म घालून गेला. गावात मोठ्या रस्त्याने शिरला आणि चावडीपुढे पाटलाने हात वर केला.

हे मी पाहिलेलं आहे. मी मागच्या सीटवर होतो.

"श्रावण, गाडी तुझी हाये," पाटील म्हणाला. रागात नव्हता. पान खात होता. "आमी काही म्हनत नाही. पन चावडीपुढं उतरून जात जाय. तुमचे सारेच उतरतेत."

"पाटील, सायकलवरून उतरत होतो. आता गाडी हाये."

"मंग काय झालं? गाडीले बी दोनच चाकं हायेत."

चावडीवरचे लोक हसले. श्रावण उतरला. उतरला, कारण पाटलाच्या पायऱ्यांपाशी त्याचे वडील, सखारामबाबा, कामाला आलेले होते आणि त्यांनी हात जोडले होते. पाटलाला नाही. मुलाला.

तिथून आमच्या लोकांच्या वस्तीपर्यंत आम्ही दोघांनी ती गाडी ढकलत नेली. छप्पन साली या वस्तीने दीक्षा घेतली. घरातले देव नाल्यात सोडले, कोनाडे पुसून काढले. चावडीच्या लेखी त्यातलं काहीच घडलेलं नव्हतं. राज्यघटनेने दिलेला रस्ता पाटलाच्या चावडीपाशी संपत होता आणि तिथे उभं राहून ते पाहणाऱ्या एकालाही त्यात वावगं वाटत नव्हतं. मला आजही संताप येतो. यावा अशीच ती गोष्ट आहे.

श्रावण त्या रात्री जेवला, झोपला. सकाळी मला म्हणाला, "आपल्या वस्तीमागं नाला हाये ना. थो गावाच्या आदीच रस्त्याले भेटते. नाल्यानं येऊ."

"नाल्यात गाडी चालते काय बे?"

"चालत नाही. चालवू."

आम्ही ती गाडी अकोल्याला नेली. कापसाच्या जिनिंगच्या मागे कादरभाईचं गॅरेज होतं. कादरभाई ट्रकची कामं करायचा. श्रावणने काय पाहिजे ते सांगितलं, तेव्हा त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"अरे, लोक गाडी नीट रस्त्यावर चालावी म्हणून माझ्याकडे आणतात. तू रस्त्यावरची खाली उतरवून राहिला. दिमाग ठिकाणावर आहे ना?"

"चाचा, आमच्या गावात रस्ता हाये. मले उतरून जा लागते."

कादरभाईने पाना उचलला.

काम महिनाभर चाललं. आजकाल मोठ्या शहरातले हौशी लोक डोंगरदऱ्या फिरायला अशा गाड्या करून घेतात म्हणे. आमची हौस नव्हती. सायलेन्सरचा नळा खालून जायचा, तो कापून गादीच्या उंचीवर नेला, म्हणजे पाण्यात बुडू नये. पुढचं मडगार्ड चाकापासून चांगलं वीतभर वर उचललं. आपली काळी माती तुम्हाला माहीत आहे. ओली झाली की चाकाला धरते, मडगार्डमध्ये भरते आणि चाक जाम करते. मागचं दात-चक्र मोठं बसवलं. गाडीचा वेग गेला, पण ओढ आली. इंजिनखाली तेलाच्या पिपाचा पत्रा कापून ठोकला, दगड लागू नयेत म्हणून. मॅग्नेटोत पाणी शिरलं की ठिणगी मरते. त्याला श्रावणने सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि वरून सुतळी आवळली. हँडल रुंद केलं. मागच्या टायरला कादरभाईने ट्रकच्या टायरचे तुकडे बोल्टने जोडून दिले.

दिसायला गाडी भयंकर झाली. आवाज असा की कानठळ्या बसाव्या.

"हिचं नाव काय ठेवतो?" कादरभाईने विचारलं.

"नाव कायले? ढकला लागली नाही म्हनजे झालं."

पहिल्या पावसानंतर नाल्याला पाणी होतं. गावाच्या अलीकडे श्रावणने गाडी रस्त्यावरून उतरवली. दोनदा पडला. एकदा गाडी त्याच्या अंगावर आली. मी काठावरून शिव्या घालत होतो. तिसऱ्या वेळी तो गोट्यांवरून, चिखलातून, पात्राच्या कडेकडेने निघाला आणि वस्तीमागच्या उतारावर चढून आला. त्याची आई नाल्याकडे तोंड करून उभी होती. आवाज ऐकून साऱ्या वस्तीतली पोरं तिच्याभोवती गोळा झाली होती.

"कोनाची गाडी हाये वो माय?" श्रावण गादीवरूनच ओरडला.

"माह्या पोराची," ती म्हणाली. "अन् उतरू नको लेका. दारापर्यंत बसून ये."

रजा संपेपर्यंत तो रोज नाल्याने गेला आणि नाल्याने आला. रोज संध्याकाळी माय मागच्या उतारावर जाऊन उभी राहायची. मी म्हणायचो, हे हार मानणं आहे. आपण रस्ता मागायला पाहिजे, मोर्चा काढायला पाहिजे, पत्रक छापायला पाहिजे. तो म्हणायचा, "तू छाप. मी तवरोक घरी जातो."

रजा संपली. गाडी घराच्या पडवीत तरटाखाली ठेवली आणि आम्ही निघालो. "पुढच्या खेपेस रस्त्यानं येईन," तो वडिलांना म्हणाला. "तुमाले मागं बसवून. उतरनार नाही."

सखारामबाबांनी तरटाची कड गाडीखाली नीट खोचली.

सरहद्दीवरचं एक वर्ष रुटीनमध्ये गेलं. सकाळी स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यात सज्ज राहणं, नंतर चहा, खोदकाम, गस्त, संध्याकाळी पुन्हा स्टँड-टू. अंगात सुती कपडे. थंडी अशी की सेटच्या बॅटऱ्या रात्री पोटाशी धरून झोपायचो. बर्फातले बूट येणार होते. ते आले तेव्हा आमच्यातले बरेच जण ते घालण्याच्या स्थितीत नव्हते. ह्याबद्दल ज्यांनी बोलायला पाहिजे ते अजून गप्प आहेत.

बासष्टच्या नोव्हेंबरात हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनी हेडक्वार्टरला हुकूम आला, पोझिशन सोडून मागच्या रिजवर या. आमची दोन नंबरची प्लाटून पुढे चौकीवर होती. मी सेटवर होतो.

"अल्फा टू, अल्फा टू, रिपोर्ट माय सिग्नल. ओव्हर."

खरखर.

"अल्फा टू, नथिंग हर्ड. ओव्हर."

पुन्हा खरखर. टेलिफोनची लाइन सकाळीच तुटली होती. चौकीकडे जाणारा जीप-ट्रॅक तोफेच्या माऱ्याने दरीत गेला होता. पायी जायला संध्याकाळ झाली असती, आणि संध्याकाळपर्यंत ती चौकी वेढली जाणार हे मेजर साहेबांना दिसत होतं. प्लाटूनला काहीच माहीत नव्हतं. हुकूम पोचला नसता तर ते जिथे होते तिथेच लढत राहिले असते.

श्रावण आपणहून पुढे आला.

"रास्ता नहीं है, तायडे," मेजर साहेब म्हणाले. "कैसे जाएगा?"

"नीचे नाला है, साब. बिना रास्ते की आदत है।"

मेजर साहेबांना ते कळलं नाही. त्यांना वाटलं, जवान धीटपणा दाखवतो आहे. मला कळलं. मी कानावरचे हेडफोन काढले.

निघण्यापूर्वी त्याने खिशातून ट्यूबची पट्टी काढली आणि सरकारी गाडीच्या मॅग्नेटोला गुंडाळली. सुतळी दातांनी तोडली. मी विचारलं, "ही पट्टी कुठून आनली?"

"अकोल्याची हाये," तो म्हणाला. "ऐकत राय तू." आणि गेला. बराच वेळ इंजिनचा आवाज खालून येत राहिला. मग थांबला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. दोन नंबरच्या प्लाटूनच्या हवालदाराने हॉस्पिटलात सांगितलं ते लिहितो. श्रावण ओढ्यातून चौकीच्या खाली पोचला. गाडी दगडाआड ठेवून चढून वर गेला आणि हुकूम दिला. प्लाटून दुसऱ्या अंगाने, झाडीतून उतरायला लागली. हवालदार म्हणाला, आमच्याबरोबर चल, गाडी सोड. श्रावण म्हणाला, गाडी सरकारी आहे. तो पुन्हा ओढ्यात उतरला आणि गाडी सुरू केली. आवाजाने शत्रूची मशीनगन ओढ्याकडे वळली. प्लाटून झाडीतून निघाली. सारी निघाली.

मेजर साहेबांनी रिपोर्टात लिहिलं की त्याने शत्रूचं लक्ष मुद्दाम स्वतःकडे ओढून घेतलं. तसं असेल. किंवा त्याला नुसतं परत यायचं असेल. ज्या वाटेने गेला त्या वाटेने येत होता. मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं मी कुठल्याही सभेत बोलणार नाही.

मागे हटताना माझ्या डाव्या पायाची बोटं बर्फात गेली. मेडिकल बोर्डाने मला घरी पाठवलं.

चौसष्ट साली गावाच्या पंचायतीने ठराव केला. चावडीवरून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला शहीद श्रावण तायडे यांचं नाव द्यायचं. ज्या रस्त्यावर तो जिवंतपणी बसून जाऊ शकला नाही, त्याच रस्त्याला. बातमी ऐकून मी अमरावतीला जाऊन पत्रक छापून घेतलं. पत्रकात मी काहीही राखून ठेवलं नव्हतं. गठ्ठा घेऊन सखारामबाबांकडे गेलो.

बाबांनी गठ्ठ्याकडे पाहिलं. "हे राहू दे," म्हणाले. "गाडी सुरू होते का पाय."

पडवीत तरटाखाली गाडी होती. गादीवर कोंबडीने घर केलं होतं. मी कादरभाईला अकोल्याहून बोलावलं. तो आला, कार्बोरेटर उघडला, प्लग साफ केला, टाकीतला गंज काढला. मग म्हणाला, "रस्त्यावरच चालवायची ना आता? म्हणशील तर नळा खाली घेतो. पहिल्यासारखी साधी करून देतो."

"नाही," बाबा म्हणाले. "त्यानं केली तशीच राहू द्या, भाई."

आम्ही रस्त्याने येणार हे मायला सांगितलं नव्हतं. तिला रोज थोडं कमी ऐकू यायचं, थोडं कमी कळायचं. आदल्या दिवशी आम्ही गाडी ढकलत नाल्याने बाहेर काढली आणि शेजारच्या गावी ठेवली.

पाटी लावायच्या दिवशी चावडीपुढे मंडप होता. खुर्च्या, लाउडस्पीकर, तालुक्याचे पाहुणे. मी गाडी सुरू केली. ब्रेक डाव्या टाचेने दाबावा लागतो, म्हणून हळू चालवत होतो. बाबा मागे बसले होते. पांढरं धोतर, मुलाचा लष्करी कोट. आयुष्यात पहिल्यांदा ते फटफटीवर बसले होते.

चावडी दिसली. बाबांचा उजवा पाय फुटरेस्टवरून खाली आला. मी तो पाहिला. त्यांनी ठरवून केलं नव्हतं. पाय आपोआप उतरत होता, पन्नास-साठ वर्षं इथे बैलगाडीवरून उतरत आलेला. मी वेग कमी केला.

"बाबा?"

पाय हवेत राहिला. मग त्यांनी तो उचलून परत फुटरेस्टवर ठेवला, हाताने धरून ठेवला.

"चाल," ते म्हणाले.

पाटील मंडपातून पुढे आला होता. हात वर केला होता, ह्या वेळी बोलवायला. "सखाराम! इकडं ये बापा! खुर्ची ठेवली तुह्यासाठी, पयल्या रांगेत!"

"थांबू काय?" मी विचारलं.

"थो त्याहीचा कार्यक्रम हाये. त्याहीले करू दे."

आम्ही चावडीपुढून बसून गेलो. कपड्याने झाकलेल्या पाटीखालून गेलो. लाउडस्पीकरवर कोणी बोलत होतं, पण गाडीच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

वस्तीत शिरलो. लोक घराबाहेर आले. मी गाडी श्रावणच्या दारात उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. बाबा उतरले.

माय दारात नव्हती. घरामागच्या उतारावर उभी होती, आमच्याकडे पाठ करून, नाल्याकडे तोंड करून. गाडीचा आवाज तिने ऐकला होता. हात डोळ्यांवर धरून ती खाली पात्रात पाहत होती.

बाबा तिच्यामागे जाऊन उभे राहिले. खांद्यावर हात ठेवला.

"गाडी इकडून आली वो आज," ते म्हणाले. "रस्त्यानं आली."

ती वळली नाही.

"थो त नाल्यानंच येते," माय म्हणाली.