किड्यांपुढे लोटांगण

वाघाचे फोटो काढणाऱ्याकडे फार तर दोन-तीन किस्से असतात, कारण वाघ काही रोज भेटत नाही. किड्यांचं तसं नाही. ते सगळीकडे असतात, आणि त्यांच्यासाठी भररस्त्यात गुडघे टेकून बसलेला पन्नाशीचा माणूस दिसला की लोक थांबतात, चौकश्या करतात, सल्ले देतात. त्यामुळे आमच्याकडे चांगल्या फोटोंपेक्षा किस्सेच जास्त साठलेत!

आम्ही म्हणजे तिघं. मी, नोकरीमुळे कोल्हापूरहून झाशीला आलेला इंजिनिअर. तिवारीजी, आमच्याच कारखान्यातले, स्टोअर्स सांभाळणारे. आणि नाना. नानांचं घराणं कित्येक पिढ्या झाशीतच आहे, त्यामुळे त्यांची मराठी बोलता बोलता हिंदीत शिरते. ते निवृत्त आहेत, म्हणजे रविवारी आम्हाला झोपू देत नाहीत.

*

इलाइट चौराह्याजवळच्या डिव्हायडरवर कण्हेर आहे. तिच्या बुंध्याशी एक चकचकीत भुंगा दिसला म्हणून तिवारीजी खाली वाकले. दर मिनिटाला कुणीतरी विचारत होतं, काय पडलं? पहिल्या चार जणांना त्यांनी भुंगा दाखवला. पाचव्याला कंटाळून म्हणाले, "चाबी."

झालं! ई-रिक्षावाले उतरले, पानवाला आला, स्कूटरवरच्या दोन बायका थांबल्या. सगळे खाली बघत फिरायला लागले. भुंगा केव्हाच उडाला. आणि एका रिक्षावाल्याने मातीतून खरंच एक चावी शोधून काढली.

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? तिवारीजींनी आभार मानून ती खिशात घातली. ती कुठल्या कुलपाची आहे हे आम्हाला आजही माहीत नाही.

*

लष्करी छावणीतले, म्हणजे इथल्या भाषेत कैंटमधले, रस्ते शांत, झाडं जुनी, किडे भरपूर. नाना तिथल्या एका भिंतीशी पालथे पडून माशीवर लेन्स रोखून होते. मागून एक जवान आला आणि इथे फोटो काढायला मनाई आहे म्हणाला. नानांनी अगदी नम्रपणे समजावलं की भिंतीचा एक इंचही यात नाही, नुसती माशी आहे. पुरावा म्हणून स्क्रीनवर फोटो मोठा करून दाखवला.

जवानाने बराच वेळ माशीचे डोळे न्याहाळले. मग म्हणाला, "मक्खी भी तो कैंट की है. डिलीट कीजिए."

नानांनी माशी डिलीट केली.

*

तिवारीजींच्या मेहुण्याच्या साखरपुड्यात फोटोग्राफर आयत्या वेळी आला नाही. कॅमेरा यांच्याकडे होताच, सगळ्यांनी गळ घातली. दुर्दैवाने नवरदेवाच्या हारावर सोनेरी पाठीचा एक बारकासा किडा येऊन बसला होता.

अल्बम अप्रतिम झाला आहे. किड्याच्या मिशांवरचा केस न् केस मोजता येतो. नवरदेवही मागे छान ब्लर आलाय! तिवारीजींच्या सासुरवाडीत तेव्हापासून कॅमेऱ्याला बंदी आहे.

*

मऊरानीपुरला एका ओळखीच्यांच्या शेतात गेलो होतो. उडदाच्या फुलांवर काळे-नारिंगी भुंगे नुसते लगडले होते. आम्ही तिघं आडवे पडून क्लिक क्लिक करतोय, तोवर शेतमालक आले आणि याच्यावर कुठलं औषध मारू म्हणून विचारायला लागले. नाना कळवळले. मारू नका, इतके सुंदर आहेत, असं त्यांना विनवायला लागले.

"सुंदर हैं तो तुमई लै जाव," मालक म्हणाले.

आम्हाला वाटलं, तुम्हीच घेऊन जा ही थट्टा आहे. परतताना निम्म्या रस्त्यात, मालकांनी निघताना गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलेली पिशवी हलायला लागली.

*

पण सगळ्यात भारी किस्सा काकूंचा. काकू म्हणजे नानांच्या पत्नी, सांगलीच्या, इथल्या शाळेत शिक्षिका. झाशीच्या बाजारात कढीपत्ता मिळतो, पण काकूंच्या मते तो नुसता पाला. म्हणून त्यांनी माहेरून रोप आणलं, रेल्वेत मांडीवर धरून. थंडीत नानांची शाल नानांआधी त्या झाडाला मिळते.

यंदा त्या झाडावर फुलपाखराने अंडी घातली. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचे सगळे फोटो एकाच जिवाचे काढायचे, हे नानांचं जुनं स्वप्न. दर वेळी पक्षी नाहीतर गांधीलमाशी मधेच घात करायची. या खेपेला एक अळी वाचली, आणि काकूंच्या डोळ्यांदेखत पानांचा फडशा पाडू लागली. बरीच घासाघीस होऊन शेवटी तह झाला. एक फांदी अळीची, बाकी झाड काकूंचं.

अळी हिरवीगार, गुबगुबीत झाली. आता कोष करणार, एवढ्यात एका सकाळी ती गायबच!

नानांचा चेहरा बघवत नव्हता. ते काकूंना म्हणाले, "तूच फेकलीस ना? सच सांग."

त्या दिवसापासून आमटीत कढीपत्ता पडेना आणि घरात शब्द पडेना. आम्ही गेलो की काकू आम्हाला सांगायच्या, यांना विचारा चहा हवाय का. आम्ही कुंड्या पालथ्या घातल्या, भिंती तपासल्या, तुळशीत बघितलं. कोष कुठेच नव्हता. मला तर दोघांचंही वाईट वाटत होतं.

मग एका सोमवारी सकाळी कामावर जाता जाता मी नानांकडे डोकावलो. नाना व्हरांड्यात पेपरमागे तोंड लपवून बसले होते. काकू शाळेची साडी नेसून फाटकात ई-रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. त्यांची स्कूटी मात्र पोर्चमध्येच होती. तिच्या आरशाच्या दांडीला, एका बारीक धाग्याने स्वतःला बांधून घेतलेला, हिरवा कोष!

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकूंनी डोळ्यांनीच दटावलं.

समोरच्या मिश्राभाभींनी गेटवरून विचारलं, गाडी खराब झाली का?

काकूंनी आवाज बरोब्बर व्हरांड्यापर्यंत पोचेल इतका चढवला.

"खराब नहीं है जी. पेट से है."