शमशू बबर्चीचा स्टोव्ह

शमशुद्दीन बबर्चीला एका जागी उभं राहणं कधी जमलंच नाही. चुलीवर डेग चढली की हाही तिच्याभोवती फिरत राहायचा. झाकणापाशी कान न्यायचा, लाकूड मागे ओढायचा, पुन्हा आत सारायचा. वीस वर्षं तो कोल्हापुरातल्या एका इनामदारांकडे होता. इनामदार दाजीपूरच्या रानात शिकारीला निघाले की आदल्या दिवशीच शमशूच्या दोन बैलगाड्या पुढे जायच्या. डेगा, पिठाची पोती, वाळकी लाकडं, सगळं बरोबर. मंडळी घोड्यांवरून पोचेपर्यंत मटण शिजलेलं असायचं.

शाहू महाराजांच्या राज्यात, पहिलं महायुद्ध पेटण्याच्या एक-दोन वर्षं आधी, इनामदारांनी मोटार घेतली आणि शमशूची घडी विस्कटली. आता सकाळी निघालं की दुपारी रानात. बैलगाड्या बंद झाल्या. मोटारीत लाकडांना जागा कुठली? पहिल्याच खेपेला तो रानातली ओली लाकडं फुंकत बसला आणि पाहुण्यांना दिवस कलल्यावर जेवण मिळालं.

"शमशू, मोटारीत मावंल असा स्टोव्ह घे," परतल्यावर इनामदार म्हणाले. "निवड तुझी तूच कर. शनिवारी पुन्हा जायाचं हाय."

"जी सरकार," तो म्हणाला खरा, पण दारापर्यंत जाऊन दोनदा मागे वळला.

त्याला कारण होतं. धुरानं म्हणा, वयानं म्हणा, दोन वर्षांपासून त्याची नजर मंदावली होती. चुलीतला तांबडा विस्तव त्याला कळायचा, पण डेगेच्या आत काय चाललंय ते दिसायचं नाही. त्याचा स्वयंपाक कानावर चालला होता. कांदा भाजत आला की त्याची चरचर बारीक होते. पांढरा रस्सा उकळीला टेकला की बुडातून घुमल्यासारखा आवाज येतो, आणि तेव्हाच जाळ ओढला नाही तर नारळाचं दूध फुटतं. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. बबर्चीची नजर गेल्याचं कळल्यावर त्याला कोण ठेवील?

सोमवारी तो कुतुबुद्दीनच्या दिव्याबत्त्यांच्या दुकानात गेला. तिथे स्टोव्ह दोन प्रकारचे होते, एक वातीचा आणि एक पितळी, पंपाचा. कुतुबुद्दीननं पंपाचा स्टोव्ह दुकानापुढच्या उन्हातच पेटवला. वाटीत स्पिरिट जाळलं, मग पंप मारला, तसा स्टोव्ह भर्रर्र करून गर्जायला लागला.

"बघा चाचा, कसा निळा जाळ! धूर न्हाय, काजळी न्हाय."

शमशूला जाळ दिसलाच नाही. पेटलाय की नाही बघायला त्यानं हात पुढे केला आणि झटक्यात मागे घेतला. मनगटावरचे केस जळाले होते.

"अवो, हात कशाला घालताय?"

"आच बघत हुतो," शमशू म्हणाला. मनात मात्र आलं, हा एवढा आवाज! याच्या पुढं डेग काय बोलते ते कुणाला ऐकू येणार?

"उद्या येतो," म्हणून तो उठला. मंगळवारी पुन्हा आला. वातीचा स्टोव्ह पेटवायला लावून त्यावर पाण्याचं भांडं ठेवलं आणि कान देऊन बसला. स्टोव्ह मुका होता, पाण्याचा आवाज स्वच्छ येत होता. तरी मन ठरेना. घरी गेला, जेवता जेवता उठून अंगणात आला, पुन्हा ताटावर बसला.

त्याची बायको बेगम मनगटाकडे बघत होती. "केस जाळून घेतलासा," ती म्हणाली. "सरकारास्नी सांगा की दिसत न्हाय म्हणून."

"दिसतंय मला."

"मग माझ्या हातात काय हाय सांगा."

तो चिडून बाहेर पडला तो तळ्याला दोन फेऱ्या घालूनच परतला. बुधवारी त्यानं वातीचा स्टोव्ह घेतला.

शनिवारी दाजीपूरच्या सड्यावर, त्या उघड्या खडकाळ माळावर, असा वारा सुटला होता की पाहुण्यांचे फेटे डोक्यावर टिकेनात. वातीचा जाळ आडवा पडायचा, विझायचा, पुन्हा पेटला की धूर ओकायचा. मोटार हाकणाऱ्या ज्ञानूनं गाडी आडवी लावून आडोसा केला, पण वारा खालून शिरायचा. भात चिकट झाला, मटण दातानं तुटेना. शमशू मोटारीभोवती नुसता फेऱ्या मारत होता.

शेवटी इनामदार स्वतः आले. "कुतुबुद्दीन सांगत व्हता, तुला पंपाचा दावला म्हणून. मग हे मढं का उचललंस?"

शमशूनं काहीतरी सबब सांगायला तोंड उघडलं, पण शब्द आला तो वेगळाच. "सरकार, त्याचा जाळ मला दिसत न्हाय."

"म्हंजे?"

"दोन वरसं झाली. कानानं शिजवतोय."

इनामदारांनी डेगेचं झाकण उचलून आत पाहिलं. "दोन वरसांत माझ्या ताटात एक डाव करपलेलं आलं न्हाय," ते म्हणाले, "आणि तू ह्ये आज सांगतोयस? पंपाचा आण. पेटवायचं काम ज्ञानूचं. शिजवायचं तुझं."

नोकरी राहिली. पण पंपाच्या स्टोव्हनं शमशूला महिनाभर झोपू दिलं नाही. त्या गर्जनेत कान बिनकामाचे झाले होते. ज्ञानू रोज सकाळी स्टोव्ह पेटवून द्यायचा आणि शमशू अंगणात मटण, भात, पुन्हा मटण असा शिजवत बसायचा. तीनदा पांढरा रस्सा फुटला. बेगमनं तो दोनदा शेजारी वाटला, तिसऱ्यांदा मात्र शेजारचे नको म्हणाले.

मग एका सकाळी रस्सा ढवळता ढवळता तो थबकला. लाकडी डावाचा दांडा बोटांत थरथरत होता. उकळी बुडाला धरली की थरथर बारीक यायची, वर चढली की जाड व्हायची. त्यानं स्टोव्हची हवा थोडी सोडली, तशी थरथर मंदावली. पुन्हा पंप मारला, ती वाढली.

"बेगम!" तो ओरडला. "ये हिकडं, डावाला हात लाव!"

तिनं हात लावला. "मला काय कळत न्हाय बाई," ती म्हणाली.

"मला कळतंय की!"

त्यानंतर सहा हिवाळे तो मोटारीबरोबर रानात गेला. पाहुणे सांगायचे, हा म्हातारा एका हातानं डाव धरून उभा असतो आणि दुसऱ्या हातानं स्टोव्हची चावी पिळतो, डेगेत बघत मात्र नाही. ज्ञानूनं स्टोव्ह पेटवला की शमशू आधी विचारायचा, "पेटला का रं?" ज्ञानू हो म्हणाला तरी त्याचं समाधान व्हायचं नाही. शिजून, वाढून, पाहुण्यांनी दुसऱ्यांदा रस्सा मागितल्यावरच तो मोटारीच्या पायरीवर टेकायचा, आणि तिथंही त्याचा पाय हलतच असायचा.